होनीनं मागितलेला तिसरा पाऊस

जुलैअखेर दौंडच्या पुलावर उभं राहिलं की एक विचित्र गोष्ट दिसते. खाली भीमा दुथडी भरून वाहत असते. वर्तमानपत्रांत रोज छापून येतं की दौंडहून उजनीत अमुक इतक्या क्युसेकनं पाणी चाललं आहे. आणि पुलापासून दोन-चार किलोमीटरवर बाजरीचं रान मात्र पावसाची वाट बघत सुकत असतं. ते नदीतलं पाणी दौंडच्या आभाळातून पडलेलं नसतं. ते मावळ-मुळशीत पडलेलं, धरणं भरल्यावर सोडलेलं पाणी. शिरूरला घोड नदीचीही अशीच तऱ्हा. पाणी डोंगरातून येतं आणि गावाला वळसा घालून पुढं जातं. डोक्यावरून ढगही तसेच जातात, भरलेले, काळे आणि न थांबणारे.

मग गावात काय होतं ते या भागात कुणाला सांगायला नको. महादेवाचा गाभारा पिंड बुडेपर्यंत पाण्यानं भरतात. अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून पोरं धोंडी काढतात, घरोघरी त्यांच्या डोक्यावर पाणी ओततात. आठ-पंधरा दिवसांत पाऊस पडतो, निदान बऱ्याचदा पडतो, आणि देवानं ऐकलं असं म्हणून लोक पेरणीला लागतात.

देवानं खरंच ऐकलं का, हा प्रश्न हा लेख सोडवणार नाही. पण त्याच्या शेजारचे दोन प्रश्न सुटण्यासारखे आहेत. ढग असून पाऊस का नाही? आणि पाऊस पडूनही काही वेळा तो न पडल्यासारखाच का राहतो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला सगळ्यात उपयोगी पडला तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा एक यहुदी साधुपुरुष.

वर्तुळात उभा राहिलेला माणूस

त्याचं नाव होनी. यहुदी परंपरा त्याला वर्तुळ काढणारा होनी म्हणून ओळखते. तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, जेरुसलेमच्या परिसरातला. त्याची गोष्ट मिश्ना या ग्रंथात आहे. हा ग्रंथ इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झाला, म्हणजे होनीनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी. त्यात उपवासांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि उपवास मुख्यतः पावसासाठीचे आहेत.

गोष्ट अशी. पाऊस लांबला होता. लोक होनीकडे आले आणि पावसासाठी प्रार्थना कर म्हणाले. त्यानं आधी त्यांनाच सांगितलं की वल्हांडण सणाच्या मातीच्या भट्ट्या अंगणातून आत घ्या, भिजून विरघळतील. मग प्रार्थना केली. पाऊस आला नाही. (भट्ट्या आत नेऊन ठेवलेल्यांचे चेहरे गोष्टीत दिलेले नाहीत.) तेव्हा त्यानं जमिनीवर एक वर्तुळ काढलं, त्याच्या मधोमध उभा राहिला आणि देवाला शपथ घालून सांगितलं की तू तुझ्या लेकरांवर दया करेपर्यंत मी इथून हलणार नाही.

थेंब पडू लागले, भुरभुर. होनी म्हणाला, मी हा पाऊस मागितला नव्हता, टाक्या, खड्डे आणि गुहा भरतील असा मागितला होता. मग पाऊस झोडपायला लागला. तेव्हा होनीनं सांगितलं की हाही नव्हे, मला कृपेचा, आशीर्वादाचा, हात सैल सोडून दिलेल्या दानाचा पाऊस हवा आहे. मग पाऊस नीट, रीतीनं पडू लागला आणि थांबेचना. शेवटी लोक मंदिराच्या टेकडीवर चढून बसले आणि आता हा थांबव म्हणून होनीला विनवू लागले. त्यानं त्यांना हरवल्या-सापडल्याच्या शिळेकडं पाठवलं. या शिळेपाशी वस्तू हरवलेला आणि सापडलेला असे दोघं भेटत. ती शिळा विरघळली आहे का ते आधी बघून या, असं तो म्हणाला. भलं मागून घेतलेलं परत पाठवा म्हणायला त्याची जीभ वळेना, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हाचे मोठे धर्मशास्त्री शिमोन बेन शेताह यांना हे अजिबात रुचलं नाही. त्यांनी होनीला निरोप धाडला की तू होनी नसतास तर तुला वाळीत टाकलं असतं, पण तू बापापाशी हट्ट करणाऱ्या लाडक्या पोरासारखा आहेस आणि बाप तुझं ऐकतो, मग मी काय करणार?

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण वर्तुळाशी थांबतात. मला ती पुढं जास्त महत्त्वाची वाटते. पाऊस पाड एवढीच होनीची मागणी नव्हती. पडलेला पाऊस त्यानं दोनदा नाकारला. कोरडवाहू शेतकऱ्यालाच सुचावी अशी ही घासाघीस आहे.

ढग असून पाऊस का नाही

आधी आभाळाकडचा भाग बघू. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीला धडकतात. पुढं जायचं तर वर चढावं लागतं. हवा वर गेली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते, आणि पसरली की थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावतं. उरलेलं थेंबांच्या रूपानं बाहेर पडतं. म्हणून लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो.

माथा ओलांडला की उलटं घडतं. हवा खाली उतरते, दाबली जाते आणि तापते. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, त्यामुळे असलेले थेंबही परत हवेत विरतात. पुण्यात सरासरी सातशे मिलिमीटरच्या वर पाऊस उरतो. आणखी पूर्वेला शिरूर-दौंडला यावं तर साडेचारशे ते साडेपाचशेच्या दरम्यान. एकाच जिल्ह्यात, रेल्वेनं दोन-तीन तासांच्या अंतरात, पाऊस आठव्या हिश्शावर येतो. याला पर्जन्यछाया म्हणतात.

पण मग डोक्यावरून जाणारे ते काळे ढग? ढगातला थेंब साधारण ०.०२ मिलिमीटर जाडीचा असतो, इतका हलका की तो हवेत तरंगत राहतो. पावसाचा थेंब दोन मिलिमीटरचा. जाडी शंभरपट म्हणजे आकारमान दहा लाखपट, तेव्हा दहा लाख ढगथेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब तयार होतो. त्यासाठी ढगाला उंची हवी आणि खालून वर ढकलणारा हवेचा जोर हवा, म्हणजे थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतील. जुलै-ऑगस्टमध्ये शिरूर-दौंडवरून जाणारे बरेचसे ढग बुटके आणि पसरट असतात. पाणी त्यांच्यात आहे, पण ते उतरवण्याची यंत्रणा नाही.

सप्टेंबरात चित्र पालटतं. वाऱ्याचा जोर ओसरतो, उघडीप मिळून जमीन तापते, दुपारी ढग उभे वाढतात. त्यातच बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाची एखादी पट्टी सरकत आली की पूर्वेकडून ओलावा मिळतो. या भागाचा भरवशाचा पाऊस तोच, उत्तरा-हस्ताचा. रब्बी ज्वारी त्याच्यावर उभी राहते.

आता जेरुसलेम. तिथं वर्षाला सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या शिरूर-दौंडाएवढाच. तिथंही वारे पश्चिमेच्या समुद्रावरून येतात, डोंगर चढतात, आणि पूर्वेला उतरताना कोरडे होतात. जेरुसलेम डोंगराच्या माथ्यावर असल्यानं त्याला निदान एवढा तरी मिळतो. तिथून एका दिवसाच्या पायी वाटेवर, उतारावर, यहूदियाचं वाळवंट आणि मृत समुद्र आहे. फरक ऋतूचा आहे. तिथला पाऊस हिवाळ्यात, ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलपर्यंत पडतो, आणि उन्हाळाभर एक थेंब नाही. त्यामुळे टाक्या भरणं हा तिथं जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. लोकांनी चुनखडकात टाक्या कोरून आतून गिलावा दिला होता. होनीच्या तोंडी टाक्यांचा उल्लेख येतो तो उगाच नाही.

तीन पाऊस, एक रान

जमिनीकडचा भाग समजायला परातीत कणीक घ्या. वरून चार थेंब शिंपडले तर वरचं पीठ ओलं दिसतं, आत कोरडं ठणठणीत. तांब्याभर पाणी एकदम ओतलं तर ते पिठावरून घसरून परातीच्या कडेला जमतं, जाताना बारीक पीठही घेऊन जातं. थोडं थोडं घालत, मुरू देत, पुन्हा घालत गेलं तरच कणीक भिजते. होनीच्या तीन पावसांत एवढाच फरक आहे.

पहिला, भुरभुरीचा. हवामान खातं २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झालेला दिवस पावसाचा दिवस म्हणून धरतच नाही. त्याला कारण आहे. उन्हाळा सरताना या भागात उघड्या पाण्याची वाफ दिवसाला आठ-दहा मिलिमीटर होते. म्हणजे दोन मिलिमीटरची भुरभुर दुपारपर्यंत उडून गेलेली असते. तिचं नुकसान वेगळंच. वरची माती ओली दिसते, माणूस मोहात पडून पेरतो, बी फुगतं, खाली ओल नसते आणि कोंब मरतो. दुबार पेरणीचं संकट पुष्कळदा अशा फसव्या पावसातून येतं.

दुसरा, झोडपणारा. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी नोंदवतात. वार्षिक पाचशे असलेल्या गावात हा वर्षाचा आठवा हिस्सा एका दिवसात, कधी एका तासात. मोठे थेंब जोरात आदळले की मातीचे कण सुटतात आणि वरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतात. जमिनीवर एक पापुद्रा धरतो आणि पाणी आत जायचं थांबतं. काळ्या जमिनीचं आणखी एक आहे. उन्हाळ्यात तिला हाताएवढ्या भेगा पडतात, पहिलं पाणी त्यांतून भराभर आत जातं. पण ही माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, आणि मग तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी ती घेते. बाकीचं बांध फोडून ओढ्याला.

थेंबाच्या आकाराबद्दल तालमुदात एक मजेदार तपशील आहे. मिश्नेवरची ही मोठी चर्चा मिश्नेच्या पुढं काही शतकं चालली. तीत म्हटलंय की होनीच्या दुसऱ्या पावसात एकेक थेंब पिंपाच्या तोंडाएवढा होता, आणि एका लोगपेक्षा लहान एकही नव्हता. लोग म्हणजे पाव ते अर्धा लिटर. खरा थेंब पाच-सहा मिलिमीटरच्या पुढं गेला की पडता पडता हवेच्या रेट्यानं फुटतो, त्यामुळे असा पाऊस होऊ शकत नाही. पण ज्याच्या डोळ्यांदेखत वावरातली माती वाहून गेलीय त्याला ही अतिशयोक्ती वाटणार नाही.

तिसरा पाऊस, आपल्याकडच्या भाषेत भिजपाऊस, तासाला पाच-सात मिलिमीटरच्या आसपास, सलग काही तास, मधे उसंत घेत. हा मुरतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी चार हजार लिटर पाणी. असा चाळीस मिलिमीटर मुरला तर एका एकराच्या पोटात दीड लाख लिटरहून जास्त साठतं, टँकरशिवाय आणि विजेशिवाय. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला मिळण्याजोगं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. मालदांडी ज्वारी पेरणीनंतर एकही पाणी न देता या साठ्यावर पोसते. पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडलं की वाफसा येतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही हव्या तेवढ्या असतात, पाभर चालते.

हा तिसरा पाऊस माणसाच्या हातात नाही, पण दुसऱ्याचा थोडा तिसरा करता येतो. रब्बीच्या रानात पावसाआधी चौकोनी बंदिस्त वाफे पाडून ठेवण्याची शिफारस कृषी विद्यापीठ करतं ती यासाठीच. झोडपणारं पाणी वाफ्यात अडतं आणि सावकाश मुरतं. होनी वर्तुळात उभा राहिला तो देवाला अडवायला. वाफा अडवतो ते पाण्याला, आणि त्यासाठी फावड्यापलीकडे काही लागत नाही.

॥ चौकट ॥
होनीचे तीन पाऊस, शिरूर-दौंडच्या हिशेबात

भुरभुर: दिवसाला २.५ मिलिमीटरपेक्षा कमी. वाफ होऊन जाते. पेरणीला फसवते.
झोडपणारा: दिवसाला ६५ मिलिमीटरच्या वर, बहुतेक काही तासांत. ओढे, बंधारे, धरण भरतं. रान धुऊन निघतं.
भिजपाऊस: तासाला पाच-सात मिलिमीटर, उसंत घेत. मुळांशी साठतो, विहिरीला उतरतो, वाफसा देतो.
॥ चौकट समाप्त ॥

केडगावच्या विहिरी

दौंड तालुक्यात मागितलेल्या पाण्याची एक गोष्ट आहे, आणि तिचा हिब्रू भाषेशीही संबंध आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन केडगावला. १८९६-९७ च्या आणि पुन्हा १९०० च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो निराधार मुली-बायकांना तिथं आणलं. पाऊस नाही, आणि खाणारी-पिणारी तोंडं अचानक कितीतरी पटींनी वाढलेली. त्या काळच्या आठवणींत सांगितलं जातं की संध्याकाळी विहिरी तळाला लागायच्या, उद्याचं काय म्हणून चिंता पडायची, प्रार्थना व्हायची, आणि सकाळी विहिरीत पुन्हा पाणी आलेलं असायचं.

ही गोष्ट भाबडी म्हणून बाजूला सारायचं कारण नाही. दख्खनच्या कातळातल्या कुठल्याही विहिरीवर राहिलेला माणूस ती ओळखेल. आपला काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, कातळाच्या सांध्यांत, भेगांत आणि दोन थरांमधल्या पोकळ जागांत. विहीर या भेगांना छेद देते. विहिरीतली पातळी आजूबाजूच्या भूजलाच्या जितकी खाली जाईल तितके झरे जोरानं वाहतात. दिवसभर उपसा चालला की तळ दिसतो, रात्री उपसा बंद होतो, झरे मात्र चालूच. सकाळी पुरुषभर पाणी. दुष्काळाच्या वर्षी ते रोज टिकतं का, हे आजूबाजूच्या मुरमात आधीच्या पावसांचं किती मुरलेलं आहे आणि आणखी किती विहिरी त्याच पाण्यावर बसल्या आहेत यावर ठरतं. १९०० साली शेजारी बोअर नव्हते, पाणबुडी मोटारी नव्हत्या. आज त्याच शिवारात दोन-तीनशे फुटांवरून पाणी ओढलं जातं, बाजूला उसाला कालव्याचं पाणीही येतं, तरीही एप्रिलमध्ये विहीर रात्रीत भरेल याची खात्री कुणी देणार नाही.

याच केडगावात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घालून, सबंध बायबलचं मराठी भाषांतर केलं. छपाईही तिथंच झाली. रमाबाई १९२२ साली गेल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. होनी बायबलमध्ये नाही, तो त्यातल्या हिब्रू भागानंतरचा. पण ज्या संदेष्ट्याच्या सावलीत होनी उभा आहे तो एलिया तिथं आहे. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर कर्मेल डोंगरावर त्यानं प्रार्थना केली आणि समुद्राकडून माणसाच्या तळहाताएवढा ढग उठला, ही त्याची गोष्ट दौंड तालुक्यात बसून थेट हिब्रूतून मराठीत आली.

श्रेय कुणाचं?

आता अवघड प्रश्न. प्रार्थना झाली, पाऊस आला. दोन्हींचा संबंध कसा ठरवायचा?

मिश्नेत उपवासांची जी उतरंड सांगितली आहे ती या बाबतीत फार बोलकी आहे. मरहेश्वान महिन्याच्या सतराव्या दिवसापर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस नाही आला तर आधी फक्त काही मोजक्या, शास्त्र जाणणाऱ्या लोकांनी तीन उपवास करायचे. पुढच्या महिन्याच्या पाडव्यापर्यंतही नाही तर सगळ्या समाजानं तीन. मग आणखी कडक तीन. मग सात, शिंग फुंकून, दुकानं बंद ठेवून. तरीही नाही तर बांधकामं, साखरपुडे आणि लग्नं आवरती घ्यायची. प्रत्येक पायरीगणिक एक ते तीन आठवडे सरतात, आणि पॅलेस्टाइनात डिसेंबर-जानेवारी हे सर्वाधिक पावसाचे महिने. म्हणजे उपवास जसजसे कडक होतात तसतशी पावसाची शक्यता आपोआप वाढत जाते. ज्या पायरीवर पाऊस येईल ती फळाला आली असं वाटणार. आपल्याकडंही गाभारा कुणी मृगाच्या पहिल्या दिवशी भरत नाही. आर्द्रा कोरड्या गेल्यावर भरतात, आणि पुढं पुनर्वसू-पुष्य येणारच असतात.

होनीला बोलावलं तेव्हा अदार महिना सरत आला होता असं तालमूद सांगतं, म्हणजे फेब्रुवारी-मार्च. तिथला पावसाळा तेव्हा उतरणीला असतो, पण संपलेला नसतो. शेवटचा पाऊस बाकी असताना शेवटचा माणूस बोलावला गेला.

एवढ्यावरून यहुदी पंडित भोळे होते असं म्हणाल तर फसाल. त्यांनी हसणं येण्याइतक्या प्रामाणिकपणे अपयशंही नोंदवून ठेवली आहेत. मोठे गुरू एलिएझर यांनी चोवीस आशीर्वादांची लांबलचक प्रार्थना केली, पाऊस नाही. शिष्य अकीवा उठले, चार शब्द बोलले, आणि पाऊस आला. याहून सुंदर गोष्ट शमुएल हाकातान यांची. त्यांनी उपवास जाहीर केला आणि उपवासाला सुरुवात व्हायच्या आतच, सूर्य उगवायच्या आधीच, पाऊस आला. लोक खूश, आपण किती पुण्यवान! शमुएल म्हणाले की चाकर धन्याकडं काही मागायला येतो आणि धनी म्हणतो देऊन टाका त्याला, त्याचा आवाजसुद्धा नको, तसं हे झालंय. श्रेय नाकारण्याची ही तऱ्हा मला कुठल्याही चमत्काराहून वरची वाटते.

विज्ञानालाही नेमका हाच पेच पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर भागात विमानातून ढगांत क्षारांचे कण सोडण्याचे प्रयोग केले. कृत्रिम पाऊस म्हणतात तो हाच, पण नाव फसवं आहे. कोऱ्या आभाळातून काही पाडता येत नाही. तयार ढगात मोठे थेंब लवकर व्हावेत म्हणून बाष्प ओढणारे कण पुरवायचे, इतकंच. कण सोडले आणि पाऊस आला, यानं काहीच सिद्ध होत नाही, तो एरवीही आला असता. म्हणून सारख्याच दिसणाऱ्या ढगांपैकी काहींत कण सोडायचे, काहींत नाही, आणि निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी करायची, म्हणजे संशोधकाला आवडता ढग निवडता येणार नाही. या तुलनेतून काही ठिकाणी सुमारे १८ टक्के जास्त पाऊस पडल्याचं दिसलं. धोंडी काढलेल्या आणि न काढलेल्या गावांची अशी तुलना करायची तर निम्म्या गावांना धोंडी काढू नका म्हणावं लागेल. हे कोण सांगणार आणि कोण ऐकणार?

होनीच्या नातवाचीही एक गोष्ट तालमुदात आहे. हानान त्याचं नाव. पाऊस लांबला की पंडित शाळकरी पोरांना त्याच्याकडं धाडत. पोरं त्याच्या झग्याचं टोक धरून बाबा पाऊस दे, बाबा पाऊस दे म्हणून ओढत. तो देवाला म्हणे, पाऊस देणारा बाप कोण आणि न देणारा कोण एवढंही ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी तरी दे. धोंडीतल्या पोरांच्या अंगावर पाणी ओतणाऱ्या आपल्या आयाबायांना याचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाही.

स्वतः होनीचा शेवट वाईट झाला. इतिहासकार जोसीफस लिहितो की इसवी सनापूर्वी ६५ च्या सुमारास राजघराण्यातल्या दोन भावांची जेरुसलेमात लढाई चालली असताना एका बाजूच्या सैनिकांनी त्याला पकडून आणलं आणि आतल्या वेढलेल्यांना शाप दे म्हणाले. त्याचं मागणं देव ऐकतो ही ख्याती त्यांना हत्यारासारखी वापरायची होती. त्यानं दोन्हीकडची माणसं देवाचीच आहेत, तेव्हा एकाविरुद्ध दुसऱ्याचं ऐकू नकोस अशी प्रार्थना केली. त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

पुण्यात, ऑक्टोबरात

होनीच्या परंपरेतले लोक महाराष्ट्रात आहेत. बेने इस्राएल समाज कोकणात, अलिबागच्या परिसरात, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पुढं पुण्यातही त्यांची वस्ती झाली, रास्ता पेठेत त्यांचं सिनेगॉग आहे. नवस फेडायचा, मंगलकार्य करायचं तर ते एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा करतात. पोहे, खोबरं, साखर, सुकामेवा आणि फळं असं ताट. हा एलियाहू म्हणजे कर्मेलवर पाऊस मागणारा तोच एलिया. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकात त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे.

त्यांच्या प्रार्थनेत पावसाची एक अडचण दडलेली आहे. यहुदी पंचांगात पावसाची प्रार्थना सुरू होते ती सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात, मंडपांच्या सणाच्या शेवटी, आणि चालते वल्हांडणापर्यंत. जेरुसलेमात तेव्हा पावसाळा सुरू होतो. कोकणात मात्र त्याच दिवसांत भात कापणीला आलेलं असतं आणि पाऊस नको असतो. शिरूर-दौंडला नेमकं उलटं. हस्त नक्षत्र साधारण सप्टेंबरच्या शेवटी लागतं आणि रब्बी ज्वारी त्याच्याकडं डोळे लावून असते. यहुदी पंचांगातलं ते पावसाचं स्मरण महाराष्ट्रात कुठं चपखल बसत असेल तर ते पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात. पुढं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, इस्राएलबाहेरचे यहुदी पाऊस दे अशी थेट मागणी सुरू करतात, ती मात्र इथं कुणालाच परवडणारी नाही. तेव्हा आलेला अवकाळी पाऊस कांदा नासवतो आणि कणसात भरत आलेली ज्वारी काळी पाडतो.

यावर तोडगाही जुनाच आहे. निनवे शहरच्या यहुद्यांनी तालमूदच्या काळात पंडितांना विचारलं होतं की आमच्याकडं उन्हाळ्यातही पाऊस लागतो, मग आम्ही मागायचा कधी? निर्णय झाला की सार्वजनिक प्रार्थनेचं वेळापत्रक बदलायचं नाही, पण जिथं माणूस आपापल्या गरजा मांडतो त्या प्रार्थनेत ज्यानं त्यानं आपल्या गावाला हवा तेव्हा पाऊस मागावा.